साडेचार क्रेडिट

एर्लिंदा सेर्दाला अभ्यास जमत नव्हता, असं तुम्हाला कोणी सांगितलं तर त्याला माझ्याकडे पाठवा. नववीत जीवशास्त्रात तिला एक्याण्णव होते आणि मला अडुसष्ट. तिच्या वहीतून मी उतरवून घ्यायची. तरी शाळा संपल्याचा कागद माझ्या घरात भिंतीवर आहे, तिच्या घरात नाही. त्याच शाळेच्या कचेरीत मी सव्वीस वर्षं नोकरी करते आहे. मुलांच्या हजेऱ्या आणि क्रेडिटं माझ्या हातून जातात. एवढ्या वर्षांत हे असं का झालं याचं कारण मला पाठ झालंय, पण पटलेलं नाही.

आमचं गाव टेक्सासच्या टोकाला, नदीपलीकडे मेक्सिको. एप्रिलच्या मध्यात गावातली निम्मी घरं बंद व्हायची. लोक खिडक्यांना फळ्या ठोकायचे, कुत्रं शेजाऱ्याच्या दारात बांधायचे आणि ट्रकमध्ये बसून तीन दिवसांच्या वाटेने मिशिगनला जायचे. तिथे आधी अ‍ॅस्परॅगस नावाच्या भाजीचे कोंब, मग चेरी, मग काकडी, मग सफरचंद. परतायचे ते ऑक्टोबरच्या मध्यात. माझे वडील संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये बारा महिने कामाला, म्हणून आमच्या खिडक्यांना फळ्या लागल्या नाहीत. सेर्दा आमच्या भिंतीला भिंत. त्यांचं कुत्रं वर्षातले सहा महिने आमचंच होतं, आणि उरलेले सहा महिने त्याला मालक कोण ते कळत नसे.

सत्त्याऐंशी सालच्या ऑगस्टमध्ये आम्ही नववीत, म्हणजे हायस्कूलच्या पहिल्या वर्गात गेलो. म्हणजे मी गेले. एर्लिंदा तेव्हा मिशिगनमध्ये काकड्या तोडत होती. पहिल्याच आठवड्यात आम्हा नव्या पोरांना व्यायामशाळेच्या बाकांवर बसवलं आणि मिस्टर हॅस्केलने एक पिवळा कागद वाटला. हॅस्केल म्हणजे शाळेचा समुपदेशक. चारशे पोरांमागे एक माणूस, त्याला आमच्यातलं कोण कोणाचं तेही माहीत नसायचं. बाहेर चाळीस अंश ऊन, आत पंखा बंद. त्याने सांगितलं की बावीस क्रेडिटं झाली की शाळा संपते. इंग्रजीची चार, गणिताची तीन, आरोग्याचं अर्धं, असं करत करत बावीस. प्रत्येक विषयाचं अर्धं क्रेडिट जानेवारीत पदरात पडतं, अर्धं मेअखेर. कागदाच्या मागच्या बाजूला, सगळ्यांत खाली, एक ओळ होती. सत्रात दहापेक्षा जास्त दिवस गैरहजर राहिलात तर गुण कितीही असोत, क्रेडिट मिळणार नाही. ती ओळ मी वाचली नाही. मी त्या कागदाने वारा घेत होते.

ऑक्टोबरात एर्लिंदा आली. उन्हाने रापलेली, हाताला चिरा पडलेल्या, पण माझ्यापेक्षा बोटभर उंच झालेली. पहिल्याच दिवशी डब्याच्या सुट्टीत तिने विचारलं.

"नोएमी, ऑगस्टात काय काय सांगितलं ते सांग. माझं काही चुकलं का?"

"काही नाही गं. हॅस्केल तासभर बडबडला. चार वर्षं बसायचं, पास व्हायचं, मग झगा आणि टोपी."

"एवढंच?"

"आणखी काय हवंय तुला? राजवाडा?"

"पण मी एप्रिलमध्ये जाणार, ते चालतं ना?"

"आजवर चाललं की. सहावी, सातवी, आठवी. कधी अडवलं का तुला कोणी?"

खरंच अडवलं नव्हतं. खालच्या शाळेत ट्रकने मिशिगनला जाणाऱ्यांच्या पोरांना दरवर्षी वर ढकलत. पोर आलं काय, गेलं काय, वयाबरोबर वर्ग वाढत होता, कारण मोठ्या पोरांना छोट्या बाकांवर बसवणार कुठे. नववीपासून हा हिशेबच बदलतो, वर्ग वयाने वाढत नाही, क्रेडिटाने वाढतो, हे आमच्या गावात ज्यांना कळायला हवं होतं ते त्या वेळी हजार मैलांवर कोणाच्या तरी शेतात ओणवे होते. ज्यांना सांगितलं गेलं त्या आम्ही. आणि मी चौदा वर्षांची असून चाळिशीच्या बाईच्या तोऱ्यात बोलायची. त्या दिवशी मी "मला नीट माहीत नाही" एवढे चार शब्द बोलले असते तर तिने हॅस्केलचं दार ठोठावलं असतं. ती तशीच होती. पण मी बोलले नाही.

तिला शाळेची हौस होती, हे पुन्हा सांगते, कारण नंतर लोक म्हणाले की या पोरींना शिकायचंच नसतं. दहावीत असताना काउंटीच्या दवाखान्यातली नर्स लस टोचायला शाळेत आली होती. एक पोरगा सुई बघून हातपाय झाडायला लागला. एर्लिंदा उठली, त्याचं डोकं स्वतःच्या खांद्यावर दाबून धरलं आणि त्याला मिशिगनमधल्या कोणत्या तरी कोंबड्याची गोष्ट सांगत बसली. तेवढ्यात टोचून झालं. नर्स म्हणाली, "पोरी, शाळा संपल्याचा कागद घेऊन माझ्याकडे ये. वर्षभराचं शिक्षण, मग दवाखान्यात नोकरी." त्या दिवसापासून तिचं ठरलं. घरी जाताना ती मला म्हणाली, "सावलीत उभं राहून करायचं काम, नोएमी. उभं राहून." ती "उभं" असं म्हणाली, मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही.

कळायला अ‍ॅस्परॅगस कसा तोडतात ते माहीत हवं. ट्रॅक्टरसारखं एक बुटकं यंत्र असतं, त्याला दोन्ही बाजूंना मिळून सहा बैठका, जमिनीपासून वीतभर वर. माणूस त्यावर बसतो, डोकं गुडघ्यांमध्ये घालतो आणि यंत्र पुढे सरकतं तसा आपल्या ओळीतला कोंब न् कोंब हाताने मोडत जातो. सकाळी सहापासून दुपारपर्यंत, रोज, सात आठवडे. एक यंत्र, सहा ओळी, एक कुटुंब. मालक यंत्र देतो आणि राहायला खोली देतो ती सहा माणसं आणणाऱ्यालाच. पाच आणली तर एक ओळ तशीच राहते, दोन दिवसांत तिला झाडपाला फुटतो आणि मालक दुसरं कुटुंब बघतो. सेर्दांची सहा म्हणजे बाप सेवेरो, आई ओफेलिया, काका, दोघं मोठे भाऊ आणि एर्लिंदा. धाकटी चेलो खोलीवर स्वयंपाक सांभाळायची.

एर्लिंदाचं प्रगतिपुस्तक दरवेळी सुरेख. नव्वद, अठ्ठ्याऐंशी, पंच्याण्णव. ओफेलिया ते फ्रिजच्या दाराला लावायची आणि टॉर्टिया लाटताना येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. गुणांच्या उजवीकडे आणखी एक रकाना होता, त्यात बहुतेक ठिकाणी शून्य. एकदा तीआ ओफेलियाने, मी तिला तीआ म्हणजे मावशी म्हणायची, त्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय गं?" एर्लिंदा म्हणाली, "ते उशिरा आल्याचं असेल." माझ्या प्रगतिपुस्तकात तिथे अर्धा असायचा, पण माझे गुण लोकांना दाखवण्यासारखे नव्हते, म्हणून आम्ही दोघींची पुस्तकं कधी शेजारी ठेवली नाहीत.

खुणा होत्याच. सकाळी हजेरीच्या वर्गात मी वर्षागणिक वर सरकत होते, आणि एर्लिंदा तिसऱ्या वर्षीही नववीच्या पोरांत बसायची. त्या चिमुरड्यांत ती शिक्षिकेसारखी दिसायची. तिने कचेरीत विचारलंसुद्धा. खिडकीतल्या बाईने मान वर न करता सांगितलं, "उशिरा येता तुम्ही. जिथे खुर्ची रिकामी असेल तिथे टाकतात." ते आम्हाला पटलं. आता मी त्याच खिडकीत बसते.

शेवटच्या वर्षीच्या ऑक्टोबरात ती परतली, तेव्हा झगा-टोपीची मापं घ्यायला माणूस आला होता. आडनावांच्या इंग्रजी अक्षरक्रमाने यादी वाचली गेली. साल्दान्या, सान्मिगेल, मग थेट सोसा. एर्लिंदा मापाची पट्टी बघत रांगेत उभी होती. "माझं नाव राहिलं," ती म्हणाली. माणूस म्हणाला, "हॅस्केलला भेट." आम्ही दोघी गेलो.

हॅस्केलने फाइल काढली, चष्मा पुसला. बिचाऱ्याचा आवाज खरोखर खाली गेला.

"मिस सेर्दा, तुमची साडेचार क्रेडिटं आहेत."

"बावीसपैकी?" तिने विचारलं.

"बावीसपैकी. तीही दोन शिक्षकांनी जास्तीचं काम देऊन गैरहजेरी भरून घेतली म्हणून."

"माझे गुण बघितलेत का तुम्ही?"

"फार चांगले आहेत."

"मग?"

त्याने पिवळा कागद उलटा केला आणि शेवटच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढली. म्हणाला, "तुम्ही दरवर्षी जाता हे मला माहीत होतं. मला वाटलं, नियमही तुम्हाला माहीत आहे."

मग तिने विचारलं की आता किती लागेल. अजून तीन वर्षं, तो म्हणाला, तीही ऑगस्टपासून मेपर्यंत, दांडी न मारता. या एप्रिलमध्ये गेली नाही तर तीन क्रेडिटं लगेच मिळतील, तिथून मोजायला सुरुवात.

बाहेर पायरीवर मी तिला म्हटलं, "मी तुला चुकीचं सांगितलं. नववीत. तो कागद माझ्याकडे होता."

"माहितीये मला," ती म्हणाली. "तू निदान काहीतरी सांगितलंस. बाकीच्यांनी तेवढंही नाही." मग माझ्याकडे न बघता, "पण आज माझ्याबरोबर घरी चालू नकोस. मला तुझा राग आलाय आणि तो मला काढायचा नाहीये." ती पुढे गेली, मी मागे राहिले. तिने माझ्यावर ओरडायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

आठवड्याभरात ती पुन्हा माझ्या दारात आली, आणि तिने सगळं आखलं होतं. आमच्या घरी राहायचं, एप्रिलला जायचं नाही. माझ्या आईने नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता, तिला एर्लिंदा माझ्यापेक्षा जास्त आवडायची आणि तसं ती तोंडावर बोलूनही दाखवायची. सेवेरोला विचारायचं होतं. सेवेरो म्हणजे कमी बोलणारा माणूस, शब्द काढायचा तर तोंड दुखल्यासारखं करायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं, प्रगतिपुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं.

"माझ्यामुळे झालं हे?" त्याने विचारलं.

"नाही, पापा."

"माझ्यामुळेच झालं." तो उठला. "राहा तू. संपव."

तो हिवाळा तिने कसा काढला ते मी पाहिलंय. हसायची, गायची, माझ्या इंग्रजीच्या निबंधांना नावं ठेवायची. जानेवारी ते एप्रिल तिने एकही दिवस चुकवला नाही. ताप असतानाही गेली, आणि वर्गात ओकली. तीन क्रेडिटं हाताच्या अंतरावर होती. वीस वर्षांची होऊन झगा घालावा लागेल याची तिला लाज नव्हती. ती म्हणायची, "त्या चिमुरड्यांत मीच उंच दिसेन, फोटोत लगेच सापडेन."

ट्रक निघायच्या आदल्या दुपारी ती फळ्या ठोकायला मदत करायला शेजारी गेली. मी दारात होते. आत चेलो तीआ ओफेलियासमोर उभी होती. तेरा वर्षांची, आठवीतली, काडीसारखी. ओफेलिया तिच्या हातावर एर्लिंदाचे हातमोजे चढवून बघत होती आणि बोटांच्या टोकांना उरलेली जागा सुईदोऱ्याने आवळत होती.

"हे काय?" एर्लिंदाने विचारलं.

"सहावी बैठक कोणी घ्यायची?" ओफेलिया म्हणाली. "मालकाला निरोप गेलाय, सहा जण येतोय म्हणून."

"माणूस शोधणार होता ना तुम्ही?"

"शोधला. सगळे आपापल्या यंत्रावर बसलेत, मिहा, माझ्या पोरी. उरलंय कोण?"

चेलो म्हणाली, "मला येतं गं. मागच्या वर्षी मी दोन दिवस बसले होते, काकाला बरं नव्हतं तेव्हा. पाठ दुखते, पण येतं."

"किती वर्षं बसवणार तिला?" एर्लिंदाने बापाकडे वळून विचारलं.

सेवेरो हातोडी घेऊन शिडीवर होता. "तुझं संपेपर्यंत."

एर्लिंदा बाहेर आली आणि आमच्या पायरीवर बसली. तिने माझ्याकडून पेन मागितलं आणि स्वतःच्या तळहातावर आकडे लिहिले. ते मी पाहिले. चेलोचं आठवीचं वर्ष, मग नववी, दहावी, अकरावी, ऑक्टोबर ते एप्रिल, ऑक्टोबर ते एप्रिल. शेवटी तिने एक आकडा लिहून त्याखाली रेघ ओढली. मी विचारलं, चेलोची किती होतील. तिने तळहात दाखवला. साडेचार.

"तुझी सहा आठवड्यांत तीन होतायत," मी म्हटलं. "सहा आठवडे, एर्लिंदा. मग बघू काहीतरी. एवढं सत्र तरी संपव."

"अ‍ॅस्परॅगस थांबतो का सहा आठवडे?"

"तिने एक वर्ष केलं तर काय होईल? आठवीला क्रेडिट नसतं."

"आणि ऑगस्टात? तेव्हा ती नववीत. तेव्हा मी उठून जाईन म्हणतेस? मी नाही जाणार, नोएमी. मला माहितीये मी कशी आहे. एकदा तीन मिळाली की मला सहा हवीशी वाटतील." तिने तळहात स्कर्टला पुसला, शाई गेली नाही. "आज मी जाऊ शकते. पुढे नाही जमणार."

ती आत गेली. काय बोलली ते भिंतीपलीकडून ऐकू आलं, कारण पहिल्यांदाच ती बापावर आवाज चढवून बोलत होती. ती यंत्रावर बसेल, दरवर्षी, म्हणतील तितकी वर्षं. पण चेलो इथे राहील, ऑगस्ट ते मे, नोएमीच्या घरी, चारही वर्षं, आणि कोणी आजारी पडो की मरो, चेलोला बोलावणं येणार नाही. हे कबूल असेल तर ती उद्या ट्रकमध्ये आहे. सेवेरोने कबूल केलं. चेलो रडायला लागली. तिला मिशिगनला जायचं होतं, तिथे तिची मैत्रीण होती.

सकाळी ट्रक गेला. मी शाळेत गेले आणि नववीच्या हजेरीच्या वर्गाच्या दारात ऐकलं, एर्लिंदाच्या नावाला कोणी उत्तर दिलं नाही. मे संपताना मी झगा घालून व्यासपीठावरून चालले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या दिवसाचा अजिबात आनंद झाला नाही, आणि माझ्या आईला तो कृतघ्नपणा वाटला.

सेवेरोने शब्द पाळला. दुसऱ्या वर्षी काकाची कंबर गेली तेव्हाही त्याने चेलोला बोलावलं नाही, परक्या गावातून एक अनोळखी माणूस धरून आणला. मी तोवर शाळेच्या कचेरीत चिकटले होते, चेलोच्या प्रगतिपुस्तकातल्या त्या उजव्या, क्रेडिटांच्या रकान्यावर डोळ्यांत तेल घालून बसायची. मिशिगनच्या मजूर-वसाहतीत एकच फोन होता. दर रविवारी दुपारी एर्लिंदा रांग लावून तिथून फोन करायची. चेलोशी तिचं फार बोलणं नसे. "किती झाली?" एवढंच. चेलो चिडायची, म्हणायची, "माझी तब्येत तरी विचार." बावीस झाली त्या मे महिन्यात अ‍ॅस्परॅगस ऐन भरात होता, कोणी आलं नाही. चेलोच्या बाजूने मी आणि माझी आई टाळ्या वाजवत उभ्या होतो.

एर्लिंदाचं काही झालं नाही, म्हणजे जे व्हायचं ते तेच होत राहिलं. बाहेरून परीक्षा देऊन शाळेइतकाच धरला जाणारा कागद मिळतो. मी दोनदा तिचा अर्ज भरला, दोन्ही वेळा तारीख एप्रिलअखेरची आली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "राहू दे आता. माझं बीजगणित गेलं." लग्न यंत्रावरच्याच एकाशी केलं, तो चार वर्षांत दुसरीकडे निघून गेला. सत्तावीस हंगाम ती त्या वीतभर उंचीच्या बैठकीवर बसली. पंचेचाळिशीनंतर तिला सरळ उभं राहता येईना. सकाळी उठून भिंत धरून हळूहळू पाठ उलगडावी लागते, आणि पूर्ण उलगडत नाहीच.

गेल्या फेब्रुवारीत मी तिला माझ्या गाडीतून काउंटीच्या दवाखान्यात नेलं. पाठीत इंजेक्शन द्यायचं ठरलं होतं. खोलीत आली ती चेलो, पांढरे बूट, गळ्यात ओळखपत्र, तिथली मुख्य नर्स. बहिणीला बघून तिने तिच्या कपाळाला ओठ टेकले, मग खुर्ची ओढून अर्ज भरायला घेतला, कारण नव्या वर्षाचा अर्ज सगळ्यांनाच भरावा लागतो. नाव, जन्मतारीख, औषधांची अ‍ॅलर्जी. ती विचारत होती, एर्लिंदा उत्तरं देत होती, दोघी जणू अनोळखी असल्यासारख्या, आणि त्याचं त्यांना हसू येत होतं.

मग चेलोने न विचारताच एका चौकटीत खूण केली आणि पुढच्या ओळीवर गेली.

"थांब," एर्लिंदा म्हणाली. "ते काय होतं?"

"काही नाही. शिक्षण."

"काय लिहिलंस?"

"हायस्कूल पूर्ण." चेलोची मान खाली होती. "कोण तपासतंय, एर्लिंदा. असू दे ना."

एर्लिंदाने हात पुढे केला. चेलोने पेन दिलं नाही, एर्लिंदाने ते तिच्या बोटांतून काढून घेतलं. अर्ज गुडघ्यावर ओढला, ती खूण दोनदा खोडली आणि शेजारच्या चौकटीत नवी केली, सावकाश, नीट दिसेल अशी.

"पूर्ण तुझं झालंय," ती म्हणाली. "माझ्या नावावर नको घालूस. मग माझं काय झालं ते कुठेच राहणार नाही."

चेलो रडत होती. मी भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचत होते, एकेक ओळ. एर्लिंदा तिच्याकडे पाठ करून पलंगावर बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकली आणि म्हणाली, "चल, भर सुई. नोएमीला कचेरीत परत जायचंय."